बोलणं, वाचणं आणि वागणं एकदमच अडलेलं मूल: प्राथमिकच्या नव्या शिक्षकांसाठी

नवी नेमणूक झाली की पहिल्याच आठवड्यात जुने शिक्षक एखाद्या मुलाकडं बोट दाखवून सांगतात, "याच्याकडं लक्ष ठेवा. धड बोलत नाही, वाचता येत नाही, आणि वरून मारामाऱ्या." जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीच्या वर्गात असं एखादं मूल भेटतंच. पाड्यावरच्या, तांड्यावरच्या शाळेत एकापेक्षा जास्तही भेटतात. डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला) भाषा, वाचन आणि वर्तन यांचे तीन वेगळे धडे होते. हे मूल मात्र तिन्ही एकदम घेऊन समोर बसतं, आणि सुरुवात कुठून करायची ते कोणी सांगत नाही.

वर्तन सगळ्यात जास्त आवाज करतं, म्हणून बहुतेकजण तिथून सुरुवात करतात. माझं मत उलटं आहे. ज्या मुलाला सूचना नीट कळत नाही, त्याला वाचून दाखवलेलं कळत नाही. मग वाचन मागं पडतं, आणि रोज पाच तास न कळणाऱ्या गोष्टीसमोर बसायची वेळ येते. त्यातून सुटायचा एखादा मार्ग त्याला सापडतो. त्या मार्गाला आपण खोडी म्हणतो. खोडीबद्दल त्याला वर्गाबाहेर काढलं की भाषा कानावर पडायची उरलेली संधीही जाते. म्हणून मी आधी भाषा धरतो, तिच्यासोबत वाचन घेतो, आणि वर्तनासाठी मुलाला बदलण्याआधी त्याच्यापुढचं काम बदलतो. प्रत्येक वेळी हे एवढ्यावर सुटतं असं नाही. काही मुलांना अतिचंचलता खरोखरच असते आणि वाचनाची अडचण तिच्या जोडीनं येते. पण ते ठरवायलाही आधी खालच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी: कान, डोळे, पोट

हे सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त राहून जातं. कान वाहणारी मुलं खेड्यात पुष्कळ असतात. सर्दीत कान भरला की महिनाभर कमी ऐकू येतं, मग बरं होतं, पुन्हा भरतो. असं मूल कधी ऐकतं, कधी ऐकत नाही, आणि आपण त्याला 'मुद्दाम करतो' म्हणतो. शाळेला पत्रे असतील तर पावसाळ्यात अशा मुलाचे तीन-चार महिने वायाच जातात.

साधी पडताळणी अशी. मुलाच्या मागं चार-पाच पावलांवर उभं राहा. ओळखीचे शब्द म्हणा: भाकर, चप्पल, बैल, मासा. आधी नेहमीच्या आवाजात, मग हळू. त्यानं तोच शब्द परत म्हणायचा. नंतर एका कानावर हात ठेवायला सांगा आणि पुन्हा तेच करा. मग दुसरा कान. यातून निदान होत नाही, पण शंका खरी की खोटी ते कळतं. डोळ्यांसाठी फळ्यावर मोठी-छोटी अक्षरं किंवा चित्रं काढून वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाला किती लांबून दिसतात आणि याला किती लांबून, एवढं बघा. सकाळी काय खाल्लं आणि रात्री कधी झोपला हे सहज गप्पांत विचारा. उपाशी मूल अकरा वाजता चिडचिड करत असेल आणि खिचडीनंतर शांत होत असेल, तर ते नोंदवून ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. २०१३ पासून चालू असलेला हा कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक आल्यावर मुलं ओळीनं जातात, वजन-उंची होते आणि गाडी निघते. म्हणून त्याआधीच चिठ्ठी तयार ठेवा: 'या मुलाला मागून हाक मारल्यावर ऐकू येत नाही, डावा कान वाहतो.' अशी नेमकी चिठ्ठी हातात दिली तर डॉक्टर त्या मुलाजवळ थांबतात. कान वाहत असेल तर पथकाची वाट बघत बसू नका, पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

दुसरी पायरी: दोन आठवडे फक्त लिहा

उपाय करायची घाई होते, ती आवरा. शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगाच्या तीन गोष्टी लिहा: आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, त्यानंतर काय झालं. 'उद्धट', 'आळशी', 'त्रास दिला' हे शब्द वहीत नकोत. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. नमुना म्हणून तीन नोंदी देतो.

सोमवार, ११.१०. आधी: पुस्तकं काढली, ओळीनं प्रकट वाचन सुरू. केलं: शेजारच्याची पेन्सिल हिसकावली, त्याला ढकललं. नंतर: दाराबाहेर उभं केलं.

मंगळवार, १.३०. आधी: पोषण आहाराची रांग. केलं: ताटं वाटली, लहान मुलांना रांगेत उभं केलं. नंतर: ताईंनी शाबासकी दिली.

बुधवार, ११.२०. आधी: प्रकट वाचन, त्याची पाळी यायला दोन मुलं बाकी. केलं: पाण्याला जाऊ का म्हणून तीनदा विचारलं, मग दप्तर फेकलं. नंतर: पुन्हा दाराबाहेर.

तीनच नोंदींत गोष्ट उघडी पडते. भांडण वाचनाच्या आधी होतं, आणि बाहेर उभं राहिलं की वाचन टळतं. आपल्या दृष्टीनं ती शिक्षा आहे, त्याच्या दृष्टीनं सुटका. अशी शिक्षा देऊन देऊन आपणच त्याला दप्तर फेकायला शिकवतो. चांगल्या वेळेच्या नोंदीही तितक्याच कामाच्या असतात. जो मुलगा खिचडीची रांग सांभाळतो, त्याला नियम समजतात आणि पाळताही येतात.

प्रत्येक नोंदीखाली एक प्रश्न लिहा: यातून त्याला काय मिळालं? काम टळलं, कुणाचं लक्ष मिळालं, हवी ती वस्तू मिळाली, की नुसतं हालचाल करून बरं वाटलं? पुढचा उपाय या उत्तरावर ठरतो. लक्ष मिळवायला खोडी काढणाऱ्या मुलाला जो उपाय लागू पडतो, तो काम टाळणाऱ्या मुलावर उलटतो.

तिसरी पायरी: भाषा दुसरी आहे, की भाषाच कच्ची आहे?

इथं थोडं थांबा. सगळ्या कामात ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिली, यवतमाळच्या काही गावांत कोलामी, तांड्यावर गोरमाटी, पालघर-रायगडात वारली आणि कातकरी. यातल्या कोरकू, गोंडी आणि कोलामी तर मराठीच्या कुळातल्याही नाहीत. त्या घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा शाळेची मराठी त्याला पूर्ण नवी असते. ते काही महिने गप्प राहतं, 'तो मुलगा' आणि 'ते मूल' यात गोंधळतं. यात आजार काही नाही. नवी भाषा शिकताना हे होणारच.

काही मुलांना मात्र कोणतीच भाषा सहज येत नाही. ती घरच्या भाषेतही उशिरा बोलायला लागली, वाक्यं तोकडी राहिली, घरच्यांनी सांगितलेलं निम्मं कळतं, घडलेली गोष्ट क्रमानं सांगता येत नाही. याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. हा विकार दोन भाषा कानावर पडल्यामुळं होत नाही. मूल एकभाषिक असो की बहुभाषिक, खरा विकार असेल तर घरच्या भाषेतही दिसतोच. तुमची कसोटी हीच.

पण तुम्हाला घरची भाषा येत नाही, मग बघायचं कसं? शाळेतच माणसं आहेत. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका, पाचवीतली एखादी बोलकी मुलगी. त्यांना सोबत बसवा, मुलासमोर चार-पाच घटनांचं चित्र ठेवा (बाजाराचं, पेरणीचं, लग्नाचं) आणि त्याच्या भाषेत काय चाललंय ते सांगायला लावा. मग ताईंना दोनच गोष्टी विचारा: तुम्हाला सगळं कळलं का? आणि तुमच्याकडं याच वयाची मुलं असंच बोलतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं. त्या बायकांनी गावातली सगळी मुलं लहानपणापासून पाहिलेली असतात.

आईला विचारायचे प्रश्नही थोडेच आहेत. पहिला शब्द कधी बोलला? भावंडांच्या मानानं उशीर झाला का? दोन कामं एकदम सांगितली, "घागर ठेव आणि आजीला बोलाव", तर दोन्ही करतो का? बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं कळतं का? घरात आणखी कुणाला वाचायला जड गेलं होतं का? वाचनाच्या अडचणी घराण्यात चालत येतात, म्हणून हा शेवटचा प्रश्न सोडू नका.

आणखी एक गफलत नेहमी होते. खानदेशातलं मूल 'मना' म्हणतं, विदर्भातलं 'मले' म्हणतं, मराठवाड्यातलं 'व्हता' लिहितं, कुणी 'पानी' लिहितं. वहीत लाल शाईनं वीस फुल्या पडतात आणि शेरा येतो: 'शुद्धलेखन अत्यंत कच्चे.' त्यातल्या पंधरा चुका बोलीच्या असतात. ते मूल ऐकू येतं तसं बरोबर लिहितं, म्हणजे त्याचं ध्वनी-अक्षराचं गणित पक्कं आहे. काळजी करायची ती 'पानी' लिहिणाऱ्याची नाही. आज 'पनी', उद्या 'नापी', परवा 'पि' लिहिणाऱ्याची करायची.

चौथी पायरी: वाचन नेमकं कुठं अडलंय?

'वाचता येत नाही' एवढ्यावर काही शिकवता येत नाही. 'असर' या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीतली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही उतरंड बहुतेकांना माहीत असते. सुरुवातीला ती पुरते. पण या मुलासाठी थोडं बारीक बघावं लागतं, आणि त्यासाठी १९८६ साली गॉफ आणि टनमर यांनी मांडलेलं एक साधं सूत्र फार उपयोगी पडतं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. एक छोटी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा. उत्तर घरच्या भाषेत किंवा बोटानं दाखवून दिलं तरी चालेल. मग तेवढीच सोपी दुसरी गोष्ट त्याला वाचायला द्या. ऐकून सगळं कळतं पण अक्षरापाशी अडखळतो, तर अडचण उलगडण्याची आहे; पुढं डिस्लेक्सियाची (अक्षरं उलगडण्यातल्या कायमच्या अडचणीची) शंका येते ती अशाच मुलांत. घडाघडा वाचतो पण काय वाचलं ते सांगता येत नाही, तर अडचण भाषेची आहे. असं मूल वर्गात हुशार समजलं जातं आणि चौथीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्हीकडं अडलेलं असेल, तर हा लेख ज्याच्यासाठी लिहिलाय ते मूल तुमच्यासमोर आहे, आणि दोन्ही बाजूंनी काम करावं लागेल.

उलगडण्याची तपासणी या क्रमानं करा. शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून पाडता येतात का: क-म-ळ, भा-क-री? 'कान'मधला 'का' काढला तर काय उरतं? सुटी अक्षरं ओळखतो का, आणि न अडखळता ओळखतो का? दिसायला जवळची अक्षरं चुकतात का: घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष? काना जमतो पण ऱ्हस्व वेलांटीशी अडतो का? ती लिहिली जाते अक्षराआधी आणि उच्चारली जाते नंतर, त्यामुळं डावीकडून उजवीकडं सरळ वाचणारं मूल तिथं हमखास ठेचकाळतं. मग अनुस्वार, रफार, जोडाक्षरं. जिथं पहिल्यांदा अडतो तिथून शिकवायला सुरुवात करा. तिसरीत असूनही पहिलीच्या जागी सुरुवात करावी लागली तर लागू द्या.

पाचवी पायरी: रोजची वीस मिनिटं

द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत असताना वीस मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. परिपाठानंतर लगेचची वेळ बहुतेक शाळांत जमते: बाकीच्या वर्गांना स्वाध्याय द्यायचा आणि तीन-चार मुलांचा गट तुमच्या टेबलाजवळ घ्यायचा. हाच एक मुलगा वेगळा काढू नका. गटात असला की चिडवाचिडवी होत नाही, आणि बोलायला सोबतीही मिळतात.

पहिली सात-आठ मिनिटं बोलण्याची. एक चित्र किंवा खरी वस्तू घ्या. मूल म्हणेल, "बैल पानी पेला." तुम्ही म्हणा, "हो, बैल पाणी प्यायला. कुठं प्यायला?" चूक काढायची नाही. बरोबर वाक्य त्याच्या कानावर घालायचं, त्याला एक तुकडा जोडायचा आणि पुढचा प्रश्न टाकायचा. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. हे फार जड जातं. आपण शिक्षक माणसं दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतो. आठवड्याला आठ-दहाच नवे शब्द घ्या, पण ते करून, हातात धरून, घरच्या भाषेतल्या शब्दाला जोडून. गोंडी घरातल्या मुलाला 'येर' आणि 'पाणी' शेजारी शेजारी मिळाले की दोन्ही पक्के होतात.

पुढची आठ मिनिटं अक्षरांची. अ ते ज्ञ ओळीनं शिकवून मग बाराखडी घेण्यात या मुलांचं वर्ष निघून जातं. त्यापेक्षा चार-पाच अक्षरं आणि काना घ्या आणि लगेच शब्द बनवा. क, म, ल, न, र एवढ्यावर कान, नाक, काम, मका, लाल, माल, मान, काल, कमान असे कितीतरी शब्द निघतात. मूल दुसऱ्याच दिवशी काहीतरी खरं वाचतं. दिसायला सारखी अक्षरं एका आठवड्यात आणू नका. 'घ' पक्का होऊन पंधरवडा गेल्यावर 'ध'. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेनं आणि पालघर जिल्ह्यात क्वेस्ट या संस्थेनं मराठी वाचनावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांचं साहित्य मिळवून चाळा, चाक नव्यानं घडवायची गरज नाही.

उरलेली मिनिटं त्याच्या स्वतःच्या वाक्याची. तो जे बोलला ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, त्याच्याच शब्दांत. 'माझा बोकड उसात घुसला.' तो ते बोट ठेवून वाचेल, शब्द कापून पुन्हा जुळवेल, घरी नेईल. घरच्या भाषेतलं वाक्य असेल तर तेही देवनागरीत लिहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असं म्हटलं आहे. सगळी पुस्तकं त्या भाषेत येतील तेव्हा येतील, कागदाचा तुकडा आपल्या हातात आहे.

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत या केंद्राच्या अभियानाची उद्दिष्टं तुमच्या कार्यालयातून येतीलच: दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या शेवटी किमान ६०. ती तुम्हाला दिशा म्हणून ठेवा. या मुलासमोर घड्याळ लावू नका. त्याऐवजी एकच छोटा परिच्छेद तीन दिवस वाचून घ्या आणि तिसऱ्या दिवशी किती कमी अडखळला ते त्यालाच दाखवा.

आणि फळ्यावरचं उतरवून घेणं हे वाचन-लेखन नव्हे. वही भरलेली दिसते, साहेब खूश होतात, मूल चित्र काढावं तशी अक्षरं काढत राहतं. या मुलासाठी ते काम बंदच करा.

सहावी पायरी: वागण्याचं काय?

वर्गात ओळीनं प्रकट वाचन होत असेल तर त्याला अचानक उभं करू नका. आदल्या दिवशी एक वाक्य ठरवून द्या, गटात तयारी करून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच वाचू द्या. वरच्या नमुन्यातली निम्मी भांडणं एवढ्यानं कमी होतात.

दुसरं, सुटायचा सभ्य मार्ग द्या. पुठ्ठ्याचं एक लाल कार्ड करा. ते टेबलावर ठेवलं की अर्थ 'मला येत नाही, मदत करा'. दुसरं पिवळं: 'दोन मिनिटं थांबू द्या.' ज्याच्याकडं शब्द कमी आहेत त्याला "सांगायचं ना मग!" म्हणून उपयोग नाही, सांगण्याचं साधन द्यावं लागतं. सुरुवातीला तो दिवसाला दहा वेळा कार्ड ठेवेल. ठेवू द्या, आणि प्रत्येक वेळी लगेच जा. दप्तर फेकण्यापेक्षा कार्ड लवकर काम करतं हे त्याला पटलं पाहिजे. जुनी युक्ती चालेनाशी झाली की पहिले काही दिवस ती वाढते, तेव्हा घाबरून उपाय सोडू नका.

सूचना छोटी द्या, एका वेळी एक, सोबत हातवारे करून किंवा वस्तू दाखवून. दिवसाचा क्रम चार-पाच चित्रांत भिंतीवर लावा. तास बदलायच्या दोन मिनिटं आधी सांगा. शाबासकी नेमकी द्या: "छान" नको, "तू पाळी येईपर्यंत थांबलास" हवं.

आता मैदानावरचं भांडण. घंटा झाल्यावर दोघं तुमच्यासमोर येतात आणि तुम्ही विचारता, "कोणी सुरुवात केली?" ज्याची भाषा चांगली तो भराभर सगळं सांगून मोकळा होतो. याला क्रमानं सांगता येत नाही, शब्द सापडत नाहीत, तो जमिनीकडं बघतो किंवा पुन्हा हात उगारतो. निकाल याच्या विरुद्ध लागतो. असं वर्षभर झालं की शाळेत न्याय मिळत नाही हे त्याला पक्कं कळतं, आणि मग तो तुमच्याकडं येतच नाही, तिथंच हिशेब चुकता करतो. म्हणून चौकशीची पद्धत बदला. दोघांनाही पाणी द्या, दहा मिनिटं जाऊ द्या. मग कागदावर तीन चौकोन काढा: आधी, मग, शेवटी. काड्यांची माणसं काढून कोण कुठं होतं ते त्याला दाखवू द्या. बोलक्या मुलानंही चित्रच काढायचं. "का मारलंस?" विचारू नका, या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही. "हे कोण? त्यानं काय केलं? मग?" एवढं पुरतं.

राग उसळलेला असताना बोलणं कमीत कमी ठेवा. आवाज खाली, दोन-तीन शब्द, थोडं अंतर, बाकीच्या मुलांना दुसरीकडं वळवायचं. उपदेश नंतर, खरं तर नंतरही थोडाच. आणि छडीचा विचार मनात आलाच तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ आठवा: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. सगळ्या वर्गासमोर 'ढ' म्हणणं दुसऱ्या प्रकारात मोडतं.

सातवी पायरी: घरी जाणं

तक्रार घेऊन गेलात तर रात्री त्याला मार बसेल आणि सकाळी तो तुमच्यावर राग काढेल. पहिल्या भेटीत तक्रार नकोच. तो काय चांगलं करतो ते सांगा (ताटं वाटतो, धाकट्या बहिणीला सांभाळतो) आणि तिसऱ्या पायरीतले प्रश्न विचारा.

घरच्यांना "घरी मराठीच बोला" असं सांगू नका. आई-बापाला जी भाषा नीट येते, तीच त्यांनी भरपूर बोलावी. मोडक्या मराठीनं मुलाचं बोलणं आणखी आक्रसतं. आईला लिहिता-वाचता येत नसेल तरी रोज रात्री एक गोष्ट सांगणं, दिवसभरात काय झालं ते विचारणं तिला जमतं, आणि या मुलासाठी तोच गृहपाठ.

ऊसतोडीच्या घरांचं गणित वेगळं आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात, म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष जातं. मूल आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतं का, ते मुकादम यायच्या आधी बोलून ठेवा. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रकासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते पत्रक) स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान द्या: कोणती अक्षरं येतात, कुठं अडतं, लाल कार्ड कशासाठी. तिकडच्या शिक्षकाचा महिना वाचतो.

आठवी पायरी: पुढं कुणाकडं पाठवायचं?

साधारण दहा आठवडे नेमानं काम करूनही फारच कमी हललं, तर एकट्यानं ओढत बसू नका. केंद्रप्रमुखांमार्फत गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा आणि वही त्यांच्यासमोर ठेवा. एनसीईआरटीच्या 'प्रशस्त' ॲपमधली प्राथमिक तपासणी वर्गशिक्षकालाही भरता येते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं बनवलेलं, डिस्लेक्सियाची शक्यता तपासायचं 'डाली' हे साधन मराठीतही आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळ्या चाळण्या आहेत. ऐकणं, बोलणं, विकास यांबद्दल शंका असेल तर आरोग्य पथकाच्या चिठ्ठीनं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच येतो. मात्र तिचं निदान साधारण आठ वर्षांच्या आसपास, पुरेसं शिकवून झाल्यावरच करतात. त्याआधी "याला डिस्लेक्सिया आहे" असं पालकांना सांगायचा अधिकार आपल्याला नाही. मदत सुरू करायला मात्र प्रमाणपत्राची वाट बघायची नसते.

काही गोष्टी दहा आठवडे थांबणाऱ्या नसतात. आधी येत असलेलं बोलणं गेलं, मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघतं आणि हाकेला उत्तर देत नाही, स्वतःला इजा करतं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. अंगावर वारंवार वळ दिसले किंवा वागणं एकाएकी बदललं, तर मुख्याध्यापकांना लगेच सांगा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, आणि तिथं 'गावात बोभाटा होईल' हे कारण चालत नाही.

वर्ष संपताना

दर शनिवारी वहीत तीनच गोष्टी लिहिल्या तरी पुरे: या आठवड्यात किती प्रसंग झाले, कोणती नवी अक्षरं किंवा मात्रा पक्क्या झाल्या, आणि त्याचं बोललेलं सगळ्यात लांब वाक्य. त्या वाक्याची तारीख घाला. जूनमध्ये "बैल" एवढंच म्हणणारा मुलगा मार्चमध्ये सात शब्दांचं वाक्य बोलला, हे कोणत्याही प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

एप्रिलमध्ये पुढच्या शिक्षकासाठी एक पान तयार करा. घरची भाषा, कान-डोळ्यांची तपासणी कधी झाली, वाचन कुठपर्यंत आलं, काय केलं की भडकतो, काय केलं की शांत होतो, आणि कोणती जबाबदारी दिली की खुलतो. 'खोडकर', 'मंद' असला एकही शब्द त्यात नको, कारण पुढचा शिक्षक आधी तोच वाचेल. पान मुख्याध्यापकांकडं द्या, एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मे महिन्यात बदलीचे आदेश निघतात.